बुकिंग होतं, खोली नव्हती: काश्मीर पॅकेजमध्ये आम्ही कसे अडकलो

गुलमर्गच्या हॉटेलला निघण्याआधी फोन करून खात्री केली होती. "हां सर, आपके नाम से बुकिंग है," असं पलीकडच्या माणसाने स्वच्छ सांगितलं. तारीख बरोबर, खोल्या तीन, तेही बरोबर. तरी एप्रिलमध्ये आम्ही सहा जण बॅगा घेऊन त्याच हॉटेलच्या काउंटरपुढे उभे राहिलो तेव्हा आमच्या नावावर एकही खोली नव्हती. पॅकेजचे पैसे मात्र मार्चमध्येच पूर्ण भरून झाले होते.

टूरमध्ये फसवणूक म्हटलं की पैसे घेतले, फोन बंद केला, विमानतळावर कुणीच आलं नाही, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. आमच्या बाबतीत फोन उचलला जात होता. श्रीनगरला गाडी वेळेवर आली. पहिली रात्र हाऊसबोटीत झकास गेली. फसवणुकीचा हा नवा प्रकार बऱ्याच जणांना ठाऊक नसतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही नाशिकचे. मी, बायको, धाकटा भाऊ, वहिनी, पुतणी आणि आई. आईला ट्यूलिपची बाग बघायची होती. श्रीनगरची ही बाग जबरवान डोंगराच्या पायथ्याशी आहे, मार्चअखेरीस उघडते आणि फुलं जेमतेम तीन-चार आठवडे टिकतात. म्हणजे अख्ख्या देशाला त्याच आठवड्यांत श्रीनगरला जायचं असतं. हॉटेलं भरतात, भाव चढतात, आणि जो कुणी "खोली आहे" म्हणेल तो देवासारखा वाटतो. फसवणाऱ्यांचा धंदा याच हंगामावर चालतो.

विमानाची तिकिटं आम्ही आमची काढली. बाकीसाठी नाशिकमधल्या दोघा-तिघांनी माणशी एकतीस ते चौतीस हजार सांगितले. इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसलेल्या कंपनीने सांगितले बावीस. पंधरा हजारांत काश्मीर म्हणाले असते तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. बावीस पटण्यासारखा आकडा होता. "आम्ही श्रीनगरचेच आहोत, मधला एजंट नाही, म्हणून परवडतं," हे स्पष्टीकरणही पटण्यासारखं.

फोनवर बोलणारी बाई मराठी. उच्चारावरून विदर्भाकडची वाटली. "काका, आजींना गुडघ्यांचा त्रास आहे म्हणालात ना, मग मी पहलगामला ग्राउंड फ्लोअरच घेते. हाऊसबोटीला फळी ओलांडावी लागते, शिकारावाल्याला हात द्यायला सांगून ठेवते." कांदा-लसूण चालतो का, आजींना सकाळी चहाबरोबर काय लागतं, हेसुद्धा विचारून घेतलं. इतकी आस्थेने चौकशी तर माझ्या सख्ख्या मेव्हण्याने केली नाही. आणि ती फळी खरोखर होती, शिकारावाल्याने हातही दिला. या बाईला काश्मीर पाठ होतं.

ठरलं असं की बुकिंगला तीस टक्के, मार्चमध्ये पन्नास, उरलेले तिथे पोचल्यावर. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिचा फोन आला. "काका, मार्च एंड आहे, आमच्या सीएला सगळी बिलं याच वर्षात क्लोज करायचीत. एकतीस तारखेच्या आत पूर्ण भरलंत तर गंडोलाची तिकिटं आमच्याकडून फ्री." गंडोला म्हणजे गुलमर्गची रोपवे. नोकरीधंदा केलेल्या कुठल्याही माणसाला मार्च एंडची घाई पटते. पैसे ज्या खात्यात गेले त्याचं नाव कंपनीच्या नावाहून वेगळं होतं. त्यावर उत्तर तयार होतं: "ती आमची पेमेंट फर्म आहे."

बिल आलं, रंगीत, शिक्क्यासह. पॅकेज १,३२,००० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी ६,६००. आणि त्याखाली ५ टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आधीच घ्यायचा आयकर, ६,९३०. एकूण १,४५,५३०. टीसीएसचं काय म्हणून विचारलं तर म्हणे, "ते तुम्हाला रिटर्नमध्ये परत मिळतं काका." टूर पॅकेजवरचा टीसीएस परदेशी सहलींना लागतो, देशातल्या सहलीला लागत नाही. त्यामुळे काश्मीर, मनाली किंवा सिक्कीमच्या बिलावर ही ओळ दिसली तर तिथेच थांबा. बिल बनवणाऱ्याला कायदा माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं तो धरून चाललाय, आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्याला पैसे देण्यात अर्थ नाही.

श्रीनगरला उतरलो आणि सहापैकी पाच फोन मुके झाले. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, फक्त पोस्टपेड चालतात. हे आम्हाला माहीत होतं, म्हणून भावाने पोस्टपेड घेतलेलं. पण विचार करा, ज्यांना माहीत नसेल ते उतरल्या उतरल्या आंधळे होतात. ओटीपी येत नाही, यूपीआय चालत नाही, एजंटला फोन करायचा तर ड्रायव्हरचा मोबाइल मागावा लागतो. घरात एक तरी पोस्टपेड नंबर असू द्या, आणि बँक खातं ज्या नंबराला जोडलंय तोच पोस्टपेड असेल तर उत्तम.

दुसऱ्या दिवशी गुलमर्गला निघालो. गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्गला चहासाठी गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हर जरा घुटमळला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. भावाला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, एक बात बोलूं? कंपनी ने मुझे सिर्फ कल का पैसा दिया है. आगे का बोलते हैं शाम तक आएगा. मुझे ठीक नहीं लग रहा." आम्ही त्या बाईला फोन लावला. तिने लगेच उचलला. "काका, बँकेचा सर्व्हर डाउन आहे, ड्रायव्हरला मी सांगते, तुम्ही बिनधास्त वर जा."

वर गेलो. हॉटेलच्या मॅनेजरने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि एका वाक्यात सगळं सांगून टाकलं. "बुकिंग था सर, लेकिन टेंटेटिव था. पेमेंट नहीं आया तो कट-ऑफ पे रिलीज हो गया."

हॉटेल आणि एजंट यांच्यात खोली 'होल्ड' करण्याची पद्धत असते. एजंट मेल टाकतो, हॉटेल त्या नावाने खोली अडवून ठेवतं आणि पैसे कधीपर्यंत यायला हवेत त्याची तारीख देतं. ती कट-ऑफ. तोवर पैसे आले नाहीत तर खोली दुसऱ्याला देतात. धंद्यातली रोजची, प्रामाणिक सोय आहे ही. पण होल्ड चालू असताना तुम्ही फोन करून "आमच्या नावाने बुकिंग आहे का?" विचारलंत तर रिसेप्शनवरचा माणूस "आहे" म्हणणार, आणि ते खोटंही नसणार. आमची खात्री करून झाली ती अशी. एजंटने एक पैसाही न भरता आम्हाला हॉटेलच्याच तोंडून "हो" ऐकवलं.

प्रश्न विचारायचा तो पैशाचा. "पेमेंट मिळालंय का? पूर्ण की ॲडव्हान्स? नसेल तर कट-ऑफ कोणती?" आणि उत्तर हॉटेलच्या स्वतःच्या मेलवरून मागायचं. एजंटने पाठवलेल्या व्हाउचरला काही अर्थ नसतो. आमच्या व्हाउचरवर हिरव्या अक्षरांत 'कन्फर्म्ड' होतं, खाली कन्फर्मेशन नंबर होता. मॅनेजर म्हणाला, असला नंबर आमच्याकडे निघतच नाही.

हे कळल्यावर तिथूनच पहलगामच्या हॉटेलला फोन लावला आणि नेमकं तेच विचारलं. उत्तर आलं, "पेमेंट नहीं आया, कल दोपहर तक होल्ड है." म्हणजे तिथेही तेच होणार होतं, फक्त एक दिवस उशिरा. आम्ही भावाच्या फोनवरून थेट हॉटेलला पैसे भरले आणि खोल्या वाचवल्या. तळमजल्याच्याच मिळाल्या, तेवढं त्या बाईने खरंच सांगून ठेवलं होतं.

गंडोलाचीही तीच तऱ्हा. गुलमर्गची ही रोपवे दोन टप्प्यांत जाते, आधी कोंगडूरी, मग अफरवट. तिकिटं जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर निघतात, नावानिशी, ओळखपत्र लावून, आणि हंगामात कितीतरी दिवस आधी संपतात. आमच्या 'फ्री' तिकिटांवर आमची नावं होती, क्यूआर होता. गेटवरच्या मुलाने स्कॅन केलं आणि फोन आमच्याकडे वळवला. स्क्रीनवर भलतीच नावं, तारीख आदल्या दिवशीची. कुणाचं तरी वापरलेलं तिकीट घेऊन वरची नावं बदललेली. आई खाली बर्फात बसून राहिली. "मला इथूनच छान दिसतंय," म्हणाली. तिला काय चाललंय ते आम्ही सांगितलं नव्हतं, पण कळत होतंच.

ती रात्र टंगमर्गला, ड्रायव्हरच्या ओळखीच्या गेस्ट हाऊसमध्ये. पुढच्या दिवसांचा भाव आम्ही त्याच्याशी थेट ठरवला. चार शब्द त्याच्यासाठी: अशा वेळी लोक ड्रायव्हरवर ओरडतात. त्याचेही पैसे अडकलेले असतात. तसंच पहलगामला आरू, बेताब व्हॅली, चंदनवाडीसाठी तिथल्या युनियनचीच गाडी घ्यावी लागते, तो तिथला नियम आहे. त्याला फसवणूक म्हणून वाद घालत बसू नका.

त्याच रात्री भाच्याला बिल पाठवलं. तो सीएकडे आर्टिकलशिप करतो. पाच मिनिटांत त्याचा फोन. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, जम्मू-काश्मीर ०१, हिमाचल ०२, दिल्ली ०७. बिलावर पत्ता श्रीनगरचा, क्रमांक ०७ ने सुरू. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर कंपनीचं असेल तर सी, व्यक्तीचं असेल तर पी. बिलावर 'प्रायव्हेट लिमिटेड', अक्षर मात्र पी. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला तर नाव निघालं दिल्लीतल्या एका कापड व्यापाऱ्याचं. त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसेल की त्याच्या क्रमांकावर लोक काश्मीरला चाललेत. पुतणीने इन्स्टाग्रामवर त्या पानाची 'या अकाउंटबद्दल' ही माहिती उघडली, तर पानाची आधीची नावं दिसली. एकेकाळी तिथे मोबाइलची कव्हरं विकली जात होती.

दुसऱ्या दिवशी त्या बाईने 'रिफंड' केल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, यूटीआर, म्हणजे बँकेच्या व्यवहाराच्या क्रमांकासकट. खात्यात काही आलं नाही. बँकेने सांगितलं, असा व्यवहारच नाही. त्यानंतर तिचा डीपी दिसेनासा झाला. श्रीनगरला टूरिस्ट रिसेप्शन सेंटरमध्ये गेलो. काश्मीरमध्ये ट्रॅव्हल एजंटला पर्यटन खात्याची नोंदणी लागते. या कंपनीची नव्हती.

पहिली रात्र आणि पहिल्या दिवशीची गाडी त्यांनी खरी का दिली, हे परत आल्यावर पोलीस ठाण्यात उलगडलं. अंमलदार म्हणाले, "गाडी दिली, हाऊसबोट दिली, म्हणजे सेवा दिली, कमी दिली. हा ग्राहक मंचाचा विषय." ती एक रात्र म्हणजे त्यांचा विमा होता. आमच्या बाजूने वजन पडलं ते तीन कागदांचं: दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक, नाव बदललेली गंडोलाची तिकिटं, खोटा यूटीआर. हे पुढे केल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार घेतली गेली. म्हणून चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात तर मुळीच नको.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर टंगमर्गहूनच फोन केला होता. तिथे तक्रार लगेच गेली तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येतात. आमचे पैसे जाऊन तोवर आठवडे उलटले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. "आधी पूर्ण भरा"चा आग्रह एवढ्यासाठी असतो. क्रेडिट कार्डने भरलेल्या पैशांवर बँकेकडे वाद नोंदवता येतो, यूपीआय किंवा आयएमपीएसने गेलेल्यावर तशी सोय जवळपास नाही. कार्ड घेत नाही म्हणणारा एजंट मला आता नकोच.

ग्राहक आयोगातही गेलोय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी श्रीनगर-दिल्ली गाठावी लागत नाही, आणि रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तारखा पडताहेत. समोरून कुणी हजर होईल असं वाटत नाही.

दरम्यान पुतणीला तेच फोटो, तोच मजकूर, नवं नाव असलेलं पान सापडलं. यंदा त्यांनी मनाली धरलंय: 'जानेवारी स्नो स्पेशल, रोहतांग पाससह, व्हेज जेवण, मराठी टूर मॅनेजर.' जानेवारीत रोहतांग बर्फामुळे बंद असतो. तेव्हा पर्यटक सोलांगला जातात किंवा अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला. पुतणीने त्यांना मेसेज टाकून रोहतांगचं परमिट कोण काढणार म्हणून विचारलं. उत्तर आलं, "ते आम्ही बघतो ताई, तुम्ही फक्त आधारचे फोटो आणि तीस टक्के पाठवा." तो स्क्रीनशॉट आम्ही तपास अधिकाऱ्यांना दिलाय.