चीजचं रेनेट: वासराच्या पोटातलं की टाकीत बनवलेलं?

रेनेट म्हणजे चीज बनवताना दूध घट्ट करायला घालतात ते. दोन्हीकडे मेन एन्झाइम एकच, कायमोसिन. दुधातल्या कॅपा-केसिन या प्रोटीनला ते ठरलेल्या जागी कापतं आणि दूध घट्ट होतं. पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटातून काढतात, म्हणजे त्यासाठी वासरू कापावंच लागतं, वर त्यात पेप्सिन हे दुसरं एन्झाइमही येतं आणि वासराचं वय वाढलं की त्याचं प्रमाण वाढत जातं, मग प्रत्येक बॅच थोडी वेगळी.

दुसऱ्यात वासराच्या कायमोसिनचा जीन बुरशी, यीस्ट किंवा बॅक्टेरियात टाकतात, ते टाकीत वाढतात, एन्झाइम बनवतात, मग ते गाळून शुद्ध करतात. अमेरिकेत याला १९९० मध्येच परवानगी मिळाली, जीएमवरून (जीन बदललेल्या जीवांवरून) एवढे वाद होतात पण हे कुणाच्या गावीही नसतं! शुद्ध असल्यामुळे रिझल्ट सारखा येतो, शाकाहारींनाही चालतं. (साध्या बुरशीचं मायक्रोबियल रेनेट वेगळं बरं का, त्यात कडवटपणा यायची भीती जास्त.)

मला तर टाकीवालंच पटतं. फक्त पार्मिजानो रेज्जानोसारख्या चीजला नियमानेच वासराचं रेनेट लागतं, तिथे चॉइसच नाही.