अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या वर्कशॉपकडून कॉलेजच्या वर्गाचं फर्निचर करून घेतलं, त्याचा अनुभव

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात शिकवते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या एका वर्गातली जुनी जोडबाकं काढून हलवता येणारी टेबलं करायचं ठरलं आणि ते काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्यांना दिलं. तक्रारीही सांगणार आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण असा वर्ग करायचा विचार कोणी करत असेल तर हे सगळं वाचा, कारण आम्हाला हे आधी कोणी सांगितलं असतं तर वेळ आणि पैसे दोन्ही वाचले असते.

माझ्या डोक्यात आधी गोल टेबलं होती. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत रॉबर्ट बायकनर यांनी १९९० च्या दशकात फिजिक्स शिकवायला स्केल-अप नावाची पद्धत काढली, त्यात ७ फुटी गोल टेबलाभोवती ९ मुलं, तिघातिघांचे गट करून बसतात आणि सर मधे फिरत राहतात. वाचून मला फार आवडलं होतं. पण आमच्याकडे तोच वर्ग परीक्षेलाही लागतो, गोल टेबलावर नऊजण बसवून पेपर कसा घेणार? मग षटकोन होणारी तिरकी टेबलं बघितली. वर्कशॉपच्या मालकांनी कागदावर आखूनच दाखवलं, म्हणाले, "मॅडम, ८ बाय ४ च्या प्लायमधून ४ बाय २ चे बरोबर चार टॉप निघतेत, तुकडा वाया जात नाय. तिरकं कापलं की वेस्टेज तुमच्याच बिलात." चाळीस मुलांना २० टेबलं, म्हणजे पाच शीट. तिथेच ठरलं. दोन टेबलं लांबीकडून जोडली की ४ बाय ४ चा चौकोन होतो, चौघं समोरासमोर बसतात, आणि सुटी करून रांगेत लावली की परीक्षा.

त्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वीसच्या वीस टेबलं बनवण्याआधी त्यांनी एक सँपल करून वर्गात आणून ठेवलं, चार दिवस वापरा म्हणाले. १९ एमएम प्लाय, वर मॅट सनमायका, कडेला जाड पीव्हीसी पट्टी, खाली एक इंची चौकोनी पाईप आणि पावडर कोटिंग. मॅट घ्याच, चकचकीत सनमायकावर खिडकीचा उजेड पडला की डोळ्यावर येतो. मुलांनी चारच दिवसांत सांगितलं की बॅग ठेवायला जागा नाही, पायात येते, म्हणून प्रत्येक टेबलाला दोन्ही बाजूंना हुक लावून घेतले. साधी गोष्ट आहे पण खाली बॅगा पडल्या असतील तर टेबल सरकतच नाही.

आता तक्रार. सँपलला चांगली चाकं होती आणि पूर्ण लॉट आला तेव्हा चाकं दोन इंची, कडक नायलॉनची. आमच्या वर्गात शहाबादी फरशी आहे, तिच्या सांध्यात ती चाकं अडकायची आणि आवाज इतका की शेजारच्या वर्गातले सर उठून आले. मालकांना बोलावलं, ते खाली बसून स्वतः टेबल ढकलून बघत होते, म्हणाले चूक आमची. पंधरा दिवसांत रबरी पट्ट्याची तीन इंची चाकं लावून दिली, ब्रेक चारीला नाही तर दोनलाच, तेवढे पुरतात. पण मोठी चाकं लागल्यावर टेबलाची उंची ३१ इंचांवर गेली, खुर्चीवर बसल्यावर खांदे वर यायला लागले, मग पाय परत कापून साधारण ३० इंचांवर आणले आणि कापलेल्या जागी कोटिंग पुन्हा केलं, यात सेमिस्टर सुरू होऊन दोन आठवडे गेले आणि मुलं तोपर्यंत जुन्याच बाकांवर. चाकाच्या फरकाचे पैसेही निम्मे आमच्याकडून घेतले, ते मला पटलं नाही. म्हणून ऑर्डर देताना चाकाची साईझ, रबर की नायलॉन आणि चाकासकट उंची हे तिन्ही लेखी घ्या.

वर्ग वापरायला लागल्यावर ज्या गोष्टी कळल्या त्या टेबलांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पहिल्या दिवशी रांगेतून गट करायला अकरा मिनिटं लागली, तासातली अकरा मिनिटं गेली तर कुठला शिक्षक दुसऱ्यांदा टेबल हलवेल? मग आम्ही फरशीवर ऑइलपेंटचे छोटे ठिपके मारले, परीक्षेच्या जागेला पिवळे, गटाच्या जागेला निळे. आता मुलंच तीन मिनिटांच्या आत लावतात आणि तास संपला की पिवळ्यावर परत. हे परत लावणं फार गरजेचं आहे, नाहीतर पुढच्या तासाच्या शिक्षकाला रोज त्रास आणि महिन्याभरात टेबलं जागची हलणार नाहीत.

दुसरं म्हणजे पंखे. आम्ही गट आखले होते आमच्या सोयीनं, पण एप्रिलमध्ये सोलापुरात ४२ डिग्री असते, मुलं टेबलं ओढून पंख्याखाली नेतात, ते बरोबरच आहे. शेवटी निळे ठिपके पंखे बघून परत मारले. आणि पश्चिमेच्या खिडक्यांतून दुपारी दोननंतर ऊन आत येतं, तेव्हा ती रांग सरळ आत सरकवता येते, जुन्या बाकांवर त्या खिडकीशेजारची पोरं दरवर्षी तशीच तापत बसायची.

आवाजाचं मात्र आम्ही आधी काहीच ठरवलं नव्हतं. वर स्लॅब, खाली फरशी, दहा गट एकदम बोलायला लागले की नुसता घुमतो. मग मागच्या भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून भिंतीपासून चारेक इंच पुढे सोलापुरी चादरी ताणून बसवल्या. जाड सुती कापड आणि मागे मोकळी हवा, त्यामुळे घुमणं बरंच कमी झालं, आणि भिंत इतकी सुंदर दिसते की बाहेरून आलेले पाहुणे तिथेच उभे राहतात. आमच्या वर्गात कितीतरी मुलांचे आईवडील यंत्रमागावर राबलेत, त्यांच्या मुलांनीच डिझाईन निवडलं, मला त्याचं फार बरं वाटतं.

चार्जिंगचे पॉइंट भिंतीला तीन फुटांवर घ्या, जमिनीवर एकही वायर नको, चाक वरून जातं.

एकूण वर्कशॉपला मी पाचपैकी चार देईन. वेल्डिंग पक्कं आहे, वर्ष होत आलं, एकही टेबल डगमगत नाही, फक्त दोन ब्रेक ढिले झाले होते ते आमच्या शिपाईमामांनीच पान्यानं आवळले. एक मार्क कापला तो उशिरासाठी आणि चाकाच्या पैशांसाठी. शेजारच्या वर्गाचं काम येत्या मेमध्ये त्यांनाच देतोय, या वेळी सँपलची चाकं काढून माझ्या कपाटात ठेवली आहेत, लॉट आला की त्यांच्याशी जुळवूनच सही करणार.