नाशिकहून कॅम्पर व्हॅनने थरच्या वाळवंटात : नऊ दिवस राहून दिलेला अभिप्राय

माझ्या सासूबाई सोलापूरजवळच्या नान्नजकडच्या. लहानपणी शेळ्यांमागे माळावर जाताना माळढोक पक्षी बघितलेला, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. आता सोलापूरच्या माळावर तो दिसायची आशा फारशी उरलेली नाही, म्हणून डिसेंबरात त्यांना जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कला न्यायचं ठरवलं. वय ७४, दोन्ही गुडघे धरलेले, इन्सुलिन चालू, रात्री दोनदा तरी उठावं लागतं. जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटरच्या वर प्रवास. वाटेत स्वच्छ टॉयलेट कुठे मिळेल ही एकच काळजी मला खात होती. त्यावर उपाय म्हणून नाशिकमधल्याच एका व्यावसायिकाकडून चालकासह कॅम्पर व्हॅन, म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली. सासूबाई, आम्ही दोघं, मुलगा आणि चालकदादा, असे पाच जण.

भाडं दिवसाला साडेनऊ हजार, गुजरात आणि राजस्थानचा कर वेगळा. हे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं, आणि शेवटच्या बिलात एक रुपयाही नवा निघाला नाही.

गाडी ताब्यात देताना त्यांच्या माणसाने आम्हाला दोन तास बसवून घेतलं. मला ते पैशांपेक्षा जास्त मोलाचं वाटलं. कोणता दिवा कुठे ते सांगून तो थांबला नाही, विजेचा पूर्ण हिशोब मांडला. बॅटरी २०० अँपिअर-अवरची, छतावर सोलर. फ्रीज, दिवे, पाण्याचा पंप, मोबाईल हे रात्रभर बिनघोर चालवा. एसी मात्र बाहेरून १६ अँपिअरचा प्लग मिळाला तरच. इंडक्शन शेगडी आणू नका, अर्ध्या तासात बॅटरीचा मोठा घास जाईल, गॅसच वापरा. सासूबाईंचं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं होतं, म्हणून त्याने आमच्यासमोर फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवून आकडा दाखवला. पूर्ण प्रवासात तो पाचच्या आसपास राहिला. रोज सकाळी बॅटरी ७० टक्क्यांवर असायची आणि दुपारपर्यंत उन्हावर भरून निघायची.

पाण्याचं मात्र गणित चुकलं. कागदावर टाकी १०० लिटरची लिहिलेली. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही घरी, इंदिरानगरला, २० लिटरच्या कॅनने ती भरायला घेतली. तीन कॅन गेले, चौथा अर्धा झाला आणि वरच्या नळीतून पाणी बाहेर यायला लागलं. म्हणजे ७०. नवऱ्याने पुन्हा रिकामी करून पुन्हा भरली, तेवढंच. शहरात तीस लिटरचं काही वाटत नाही. बाडमेरच्या पुढे पाच माणसांचे हात, भांडी आणि टॉयलेट त्यावर चालवायचं असतं. फोन केला तर ‘सगळे ग्राहक १०० च धरतात’ असं उत्तर मिळालं, ते मला अजिबात आवडलं नाही. पिण्यासाठी चार जार वेगळे घेतले म्हणून निभावलं. गाडी घेणाऱ्याने आधी टाकी मोजून घ्यावी, हे मी कळकळीने सांगते.

सापुताऱ्याचा घाट चालकदादांनी इतका सावकाश काढला की मागे ओट्यावरची स्टीलची बरणीसुद्धा हलली नाही. पहिला मुक्काम अहमदाबादच्या अलीकडे, दुसरा बाडमेरला. पालनपूर, सांचोरकडचा रस्ता चांगला आहे. जैसलमेरच्या १७ किलोमीटर अलीकडे आकल लागतं. तिथे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेले आहेत. मुलाला तिथून हलवणं कठीण गेलं. आता जिथे घोटभर पाणी मोजून वापरायचं, तिथे कधीकाळी जंगल होतं हे त्याला पटेना.

आता दुसरी तक्रार. त्यांनी दिलेल्या कार्यक्रमात ‘राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री मुक्काम’ असं छापलेलं होतं. तसं होत नाही. वन विभागाच्या जैसलमेरच्या कार्यालयातून परवानगी घेऊन दिवसा आत जायचं, आणि गाडी रात्री बाहेरच उभी करायची. ते योग्यच आहे, पण आम्हाला हे तिथे पोचल्यावर कळलं. सम गावातल्या पर्यटकांच्या तंबूंकडे रात्री मोठ्याने गाणी लावलेली, म्हणून आम्ही खुरी गावात एका घरगुती मुक्कामाच्या अंगणात गाडी लावली. प्लग मिळाला, बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची भाजी मिळाली. थंडी म्हणाल तर निफाडचा हिवाळा अंगावर घेतलेल्या आम्हालाही पहाटे दोन गोधड्या पुरल्या नाहीत. गाडीतली पांघरुणं पातळ आहेत, आपली न्या.

टॉयलेटबद्दल मोकळेपणाने लिहिते, कारण बायकांना हेच विचारायचं असतं. खाली कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी बाहेर काढता येणारी टाकी असते, पाच जणांत ती दुसऱ्या दिवशी रिकामी करावीच लागते. रिकामी करायची सोय वाटेत कुठेही नाही. चालकदादांनी एकदाही ती वाळूत ओतली नाही. प्रत्येक वेळी पेट्रोल पंपावर नाहीतर मुक्कामाच्या ठिकाणी विचारून, संडासात ओतून, धुऊन आणली. सासूबाई रात्री दिवा लावून चार पावलांत जाऊन यायच्या, कुणाला हाक मारावी लागली नाही. एवढ्यासाठी मी हा खर्च पुन्हा करीन.

उद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं, १९८० साली घोषित झालेलं. वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात, बाकी खडकाळ माळ आणि सेवण गवत. व्हॅन जड आहे, डांबर सोडून न्यायची नाही असं दादांनी ठामपणे सांगितलं, आत आम्ही जीप केली. पहिल्या सकाळी चिंकारा, गिधाडं, एक कोल्हा. दुसऱ्या सकाळी सुदासरीच्या बाजूला जीपवाल्याने गाडी थांबवली आणि बोट दाखवलं. गवतातून एक उंच मान सरळ चालत होती, डोक्यावर काळी टोपी, चार पावलं टाकून थांबायची, पुन्हा चालायची. सासूबाईंना दुर्बिणीत आधी सापडेना. मुलाने मागून त्यांच्या हाताला आधार देऊन दुर्बीण स्थिर धरली. मग त्या म्हणाल्या, ‘असाच चालायचा गं, घाई नसल्यासारखा.’ बराच वेळ दुर्बीण खाली घेतली नाही. परतताना विजेच्या तारा दिसल्या की त्या विचारत होत्या, याच का त्या? माळढोक समोरचं नीट न दिसल्यामुळे या तारांवर आदळून मरतो, हे जीपवाल्याने सांगितलं होतं.

नवव्या दिवशी रात्री गाडी परत केली. मी मालकांसमोरच टाकी रिकामी करायला लावली, कॅन मागवला आणि भरून दाखवली. तीन गेले, चौथा अर्धा. त्यांनी वाद घातला नाही. काचेवरच्या माहितीपत्रकावरचा १०० खोडून पेनाने ७० लिहिलं आणि मुक्कामाची ती ओळ काढून टाकतो म्हणाले.