नॅनोव्हीएनए-एच४: ५० ओहम दिसले म्हणजे जुळले असं नाही

खिशात मावणाऱ्या, अँटेना आणि सर्किटं रेडिओ फ्रिक्वेन्सीला कशी वागतात ते मोजणाऱ्या या व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरचा वापर बरेच जण फक्त एसडब्ल्यूआर (ट्रान्समीटरच्या ५० ओहमशी अँटेनाची जुळणी दाखवणारं गुणोत्तर, १ म्हणजे अचूक) पाहायला करतात. तेवढ्यासाठी साधा मीटर पुरे. पण जुळणी किती बिघडली एवढंच तो सांगतो. कोणत्या बाजूला बिघडली ते सांगत नाही. मॅचिंग नेटवर्क (जुळणी करणारं छोटं सर्किट) बांधताना नेमकं तेच लागतं आणि एच४ची खरी किंमत तिथे वसूल होते.

पडद्यावर इम्पीडन्सचं (एसी करंटला होणाऱ्या एकूण विरोधाचं) नुसतं मान, म्हणजे फेजशिवायचं आकारमान, लावलं की फसगत ठरलेली. समजा, १४.१ मेगाहर्ट्झला मान ५० ओहम आहे आणि इम्पीडन्सची फेज अधिक ६० अंश. रेझिस्टन्स निघतो ५० गुणिले कोसाइन ६०, म्हणजे २५ ओहम. रिअ‍ॅक्टन्स ४३.३ ओहम (हा इम्पीडन्सचा ऊर्जा साठवणारा भाग), तोही इंडक्टिव्ह, म्हणजे कॉइलसारखा. मान अगदी ५० आणि एसडब्ल्यूआर मात्र ३.७! म्हणून रेझिस्टन्स आणि रिअ‍ॅक्टन्सचे दोन आलेख वेगवेगळे लावा, जोडीला स्मिथ चार्ट (दोन्ही एकाच वर्तुळात दाखवणारा आलेख) ठेवा.

मेनूतला ‘फेज’ हा आणखी एक चकवा. ती एस-११ची, म्हणजे परावर्तनाची (लोडवरून परत येणाऱ्या लहरीची) फेज असते, इम्पीडन्सची नव्हे. वरच्याच लोडला (मोजल्या जाणाऱ्या अँटेनाला) ती ९० अंश दिसेल. हा आकडा इम्पीडन्सच्या सूत्रात घातलात तर पुढचं सगळं गणित वाया.

२५ अधिक जे ४३.३चा (जे पुढचा आकडा म्हणजे रिअ‍ॅक्टन्स) इलाज दोन कपॅसिटरांत होतो. लोडच्या बाजूला सिरीजमध्ये उणे १८.३ ओहम, म्हणजे सुमारे ६१७ पिकोफॅरड. ५६० आणि ५६ समांतर जोडले की काम होतं. उरतात २५ अधिक जे २५. आता ट्रान्समीटरच्या बाजूला जमिनीकडे ५० ओहम रिअ‍ॅक्टन्सचा, म्हणजे २२६ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला की ५० ओहम मिळतात. बाजारात २२०चा मिळतो, तो चालेल. जागांची अदलाबदल केली तर हेच दोन कपॅसिटर जुळवणार नाहीत. पहिला कपॅसिटर लावून लगेच मोजा: रेझिस्टन्स २५वरच राहून रिअ‍ॅक्टन्स तेवढा उतरला पाहिजे. तसं झालं नाही तर चूक बहुधा कॅलिब्रेशनमध्ये आहे.

कॅलिब्रेशन ओपन (उघडं टोक), शॉर्ट (जोडलेलं टोक), लोड (५० ओहमचा प्रमाण रोधक) या क्रमाने, आणि जिथे मोजायचं त्या केबलच्या टोकाला करा. यंत्राच्या सॉकेटवर नाही. वेगगुणक ०.६६ असलेली (म्हणजे लहर प्रकाशाच्या ०.६६ पट वेगाने जाते अशी) १० सेंटिमीटर केबल मागाहून जोडली तर १४ मेगाहर्ट्झला एस-११ची फेज ५ अंशांनीच फिरते. १४५ मेगाहर्ट्झला मात्र ५३ अंशांनी. फ्रिक्वेन्सीचा पट्टा बदलला की पुन्हा कॅलिब्रेट करा.

हात केबलला लागताच आलेख हलत असेल तर यंत्राला दोष देऊ नका. केबलच्या बाहेरच्या अंगावरून करंट वाहतोय. फेराइट चोक (तो करंट अडवणारं चुंबकीय कडं) लावा.

उणिवाही आहेत. ५० ओहमच्या आसपास हे यंत्र उत्तम. पण २००० आणि ३००० ओहमचे परावर्तन गुणांक ०.९५१ आणि ०.९६७, इतके जवळ, की बारीक चुकीनेही उत्तर शेकडो ओहमनी सरकतं. ३०० मेगाहर्ट्झच्या वर हार्मोनिक्सवर (मूळ सिग्नलच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सींवर) काम चालतं, त्यामुळे डायनॅमिक रेंज, म्हणजे क्षीण सिग्नल मोजण्याची क्षमता, घटते. ४ इंची पडदा मात्र धाकट्या भावाच्या, नॅनोव्हीएनए-एचच्या, २.८ इंचांपुढे सुखाचा. एसएमए कनेक्टर घट्ट करताना फक्त नट फिरवा, केबल पिळू नका.

अँटेना जोडण्याआधी तिच्यावरचा स्थिर विद्युतभार जमिनीला घालवा, आणि पोर्टला ट्रान्समीटर चुकूनही जोडू नका. शिवाय यंत्राचा सिग्नल अगदी क्षीण असतो. १०० वॅटला तापून मूल्य बदलणारा कपॅसिटर किंवा कॉइलचा संपृक्त होणारा चुंबकीय गाभा त्याला दिसत नाही. ती तपासणी पूर्ण पॉवरवर, लाइनमधल्या एसडब्ल्यूआर मीटरनेच होते.