इन्फ्रारेडच्या नावाने रिमोटचा रिसीव्हर, आणि वर मदरबोर्डचा चुना

जुन्या कॉम्प्युटरला इन्फ्रारेड अडॅप्टर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर फोनशी बोलणारं यंत्र, लावायचा म्हणून कुणी बाजारात निघालं असेल, तर खिशात हात घालायच्या आधी हे वाचा. यूएसबीत खोचायची, काळपट लाल काचेची डबी दाखवून आमच्या तात्यांना ज्या सफाईने गंडवलं, ती सफाई पहिल्याच गिऱ्हाइकावर येत नाही.

आमचा फैजपूरकडे केळीचा व्यवहार. तात्यांच्या जुन्या नोकियात वर्षानुवर्षांचे नंबर साठलेले: रावेर-सावद्याचे व्यापारी, ट्रकवाले, दिल्लीच्या आझादपूर मंडीतले आडते. एकेका नावाखाली दोन-तीन नंबर आणि खाली तात्यांच्या खास नोंदी, म्हणजे कोण पैसे वेळेवर देतो आणि कोण लोंबकळत ठेवतो. हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचं होतं. जुन्या सिमवर उतरवायचं तर एका नावाला एकच नंबर बसतो, नोंदी गळतात. केबलच्या पिना घामाने आणि केळीच्या चिकाने खाऊन टाकलेल्या. त्या मॉडेलला ब्लूटूथ नाही. राहिलं फक्त इन्फ्रारेड.

वखारीतला कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवाला, त्यामुळे फोनमधलं कॉम्प्युटरवर उतरवणारी नोकियाची पीसी सूट त्यावर बिनबोभाट चालते. त्याचा पहिला सीरियल पोर्ट, म्हणजे मागची जुन्या पद्धतीची तार जोडायची जागा, कधीतरी विजेच्या झटक्यात गेलेला. दुसऱ्यावर, म्हणजे कॉम टूवर, वजनकाटा जोडलेला. काट्यावर माल ठेवला की आकडा थेट स्क्रीनवर येतो. हे लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ याच पोर्टवर झाला.

जळगावातल्या एका दुकानदाराने १४५० रुपयांना डबी दिली. "कायले टेन्शन घेता तात्या, लावा की चालू!" बिल मागितलं तर कच्च्या कागदावर नुसतं ‘यूएसबी डिव्हाइस’. डबी लावली. कॉम्प्युटरने ‘टुंग’ केलं, नवीन हार्डवेअर मिळाल्याचा फुगा आला, आणि बस. फोनवरचं इन्फ्रारेडचं चिन्ह लुकलुकत राहिलं. ते स्थिर झालं तर जोडणी झाली. लुकलुकतंय म्हणजे फोन अजून समोरच्याला शोधतोय. त्यात दोन मिनिटांत काही पाठवलं नाही तर फोन आपणहून इन्फ्रारेड बंद करतो, की पुन्हा मेनूतून चालू करा.

दुकानदाराचं पहिलं उत्तर: ड्रायव्हर. सीडी दिली, फरक शून्य. दुसरं उत्तर ऐकण्यासारखं होतं. "हाव भो, आपल्याकडचं ऊन पाहा ना! या उन्हात इन्फ्रारेड चालणार कसं?" यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घातक. थेट ऊन काचेवर पडलं तर इन्फ्रारेडचा रिसीव्हर खरोखरच गोंधळतो. पण आम्ही रात्री, दार लावून, फोन वीतभर अंतरावर समोरासमोर धरून पाहिलं होतं. मे महिन्यातही रात्री ऊन नसतं.

मग त्याने माणूस पाठवला. ६०० रुपये व्हिजिट. त्याने बायोस, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगचा पडदा, उघडलं, इंटिग्रेटेड पेरिफेरल्स या भागात जाऊन दुसऱ्या सीरियल पोर्टचा यूएआरटी मोड (तो पोर्ट कशासाठी वापरायचा ते) ‘नॉर्मल’वरून ‘इर्डा’वर, म्हणजे फोन-कॉम्प्युटरच्या इन्फ्रारेड देवाणघेवाणीच्या पद्धतीवर, नेला, सेव्ह केलं आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. डबी ढिम्म. वर काट्याचा आकडाही स्क्रीनवर यायचा बंद झाला. लगेच साहेबांचं निदान तयार: "बोर्ड गेला. एक पोर्ट तर आधीच मेलेला, आता दुसराही गेला. सेकंड हँड बोर्ड ४५०० मध्ये बसवून देतो."

भुसावळच्या एका जुन्या मेकॅनिकने हे फोनवर ऐकलं आणि तो हसायलाच लागला. बायोसमधली ती सेटिंग यूएसबी डबीसाठी नसतेच. जुन्या मदरबोर्डवर इन्फ्रारेडसाठी वेगळ्या पिना असतात. त्यांवर पाठवणारी, घेणारी, पाच व्होल्टची आणि अर्थची अशा तारांचं मॉड्यूल बसतं. ते मॉड्यूल कॉम टूचीच यंत्रणा वापरतं. म्हणून मोड ‘इर्डा’वर नेला की मागचा पोर्ट सुटतो आणि त्यावर जोडलेलं काहीही मुकं होतं. बोर्ड ठणठणीत होता. मोड परत ‘नॉर्मल’वर आणला, तर काट्याचा आकडा हजर. पोर्ट त्याच पठ्ठ्याने बंद केला आणि त्याच बंद पोर्टाच्या नावाने बोर्ड विकायला बसला.

राहिली डबी. ती इर्डा अडॅप्टर नव्हतीच. टीव्ही-मीडिया सेंटरच्या रिमोटचा तो रिसीव्हर. दिसायला दोन्ही सारखे, पण काम वेगळं. रिमोटचा सिग्नल बहुधा ३८ किलोहर्ट्झच्या लहरीवर स्वार होऊन येतो आणि रिसीव्हर तो नुसता ऐकतो. इर्डामध्ये तशी लहर नसते, प्रकाशाचे नुसते बारीक ठोके असतात. बोलणं ९६०० बिट प्रतिसेकंदाला सुरू होऊन साध्या प्रकारात १,१५,२०० पर्यंत जातं, आणि दोन्ही बाजूंना बोलावंही लागतं आणि ऐकावंही. नुसत्या ऐकणाऱ्या डबीला जगातला कुठलाही ड्रायव्हर बोलकं करू शकत नाही.

हे दुकानातच ओळखता येतं. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करा आणि त्यात टीव्हीच्या रिमोटचं टोक पाहा. बटण दाबलं की जांभळट उजेड दिसेल. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा फिल्टर असतो, म्हणून पुढचा. मग अडॅप्टर कॉम्प्युटरला लावून त्याच कॅमेऱ्यात धरा. खरा इर्डा अडॅप्टर समोर कुणी आहे का ते शोधत मधूनमधून लुकलुकतो. आमची डबी कोळशासारखी काळी. दुसरी खूण डिव्हाइस मॅनेजरमध्ये: तिथे ‘इन्फ्रारेड डिव्हायसेस’ असा वेगळा गट उगवला पाहिजे, आणि एक्सपीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘वायरलेस लिंक’चं चिन्ह. आमच्याकडे ती डबी कीबोर्ड-माउसच्या भाऊबंदांत, ‘ह्युमन इंटरफेस डिव्हायसेस’मध्ये जाऊन बसली होती. आणि बिलावर ‘इर्डा अडॅप्टर, मोबाइल डेटासाठी’ असं लिहूनच घ्या. दुकानदाराने लिहायला कां-कूं केलं तर तिथूनच पाय काढा.

खरा अडॅप्टर शेवटी त्या भुसावळच्या मेकॅनिकच्याच जुन्या सामानात निघाला. पहिल्यांदा जोडणी मध्येच तुटत होती. अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कमाल वेग १,१५,२०० वर आणला, फोन पुस्तकावर ठेवून दोन्ही काचा एका पातळीत आणल्या, आणि आडत्यांची अख्खी यादी नोंदींसकट उतरली. तात्यांनी आधी पाहिलं ते लोंबकळत ठेवणाऱ्यांची नावं आली का.

दुकानदाराकडे मी परत गेलो ते भर गिऱ्हाइकीच्या वेळेला. चार लोकांसमोर कॅमेऱ्यात आधी त्याचाच एसीचा रिमोट दाखवला, मग त्याची डबी. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, हेही सांगितलं. १४५० रुपये त्याने गल्ल्यातून काढून दिले. ६०० मात्र दिले नाहीत. म्हणे, माणूस आला होता, पेट्रोल लागलं. त्याच डब्या अजून त्याच्या काउंटरमागे टांगलेल्या आहेत.