परदेशातला प्रबंध आणि मायक्रोसॉफ्ट वर्ड: काय जमतं, कुठे अडतं

परदेशी विद्यापीठात प्रबंध लिहिताना बहुतेक विषयांत वर्डच वापरावं लागतं. मार्गदर्शक 'ट्रॅक चेंजेस'मधून, म्हणजे केलेला प्रत्येक बदल खुणावून दाखवणाऱ्या सोयीतून, दुरुस्त्या पाठवतात आणि विभागाचं टेम्प्लेट असलं तर तेही बहुधा वर्डचंच असतं. दोन-तीनशे पानांचा मजकूर ते नीट सांभाळतं, पण टाइपरायटरसारखं वापरलं नाही तरच. शीर्षक हाताने ठळक करायचं, एंटर दाबत दाबत पुढचं पान गाठायचं, या पद्धतीने उभा केलेला प्रबंध एक परिच्छेद वाढला की विस्कटतो.

खरी ताकद स्टाइल्समध्ये, म्हणजे मजकुराच्या प्रकाराला एकदाच ठरवून दिलेल्या रूपात आहे. प्रकरणाला हेडिंग १, विभागाला हेडिंग २, उपविभागाला हेडिंग ३. एवढ्यावर अनुक्रमणिका तयार होते आणि बाजूला शीर्षकांची यादी दाखवणाऱ्या नॅव्हिगेशन पेनमध्ये अख्खा विभाग ओढून दुसरीकडे नेता येतो. 'निष्कर्षांमधली चर्चा वेगळ्या प्रकरणात घ्या' असं मार्गदर्शकांनी सांगितलं की ही सोय किती मोलाची आहे ते कळतं. प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून हेडिंग १ च्या परिच्छेद-सेटिंगमध्ये 'पेज ब्रेक बिफोर' लावा. ३.२.१ असे क्रमांक टाइप करू नका. 'डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट'मध्ये प्रत्येक पातळी तिच्या हेडिंगशी जोडा. दोन ओळींतलं अंतर मात्र 'नॉर्मल' स्टाइलमध्ये वाढवू नका. तळटीपा, कॅप्शन, तक्ते असं बरंच काही त्याच स्टाइलवर बेतलेलं असतं, त्यामुळे तेही फुगत जातं. मुख्य मजकुराला 'बॉडी टेक्स्ट' द्या आणि दीडपट किंवा दुप्पट अंतर तिथेच ठरवा.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते पानांचे क्रमांक, आणि इथे वर्डची रचना खरंच किचकट आहे. सुरुवातीच्या पानांना रोमन अंक आणि पहिल्या प्रकरणापासून १ हवा असेल, तर मध्ये 'सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज' लागतो, साधा पेज ब्रेक चालत नाही. सेक्शन म्हणजे फाइलचा स्वतःची वेगळी मांडणी असलेला भाग. नव्या सेक्शनच्या हेडरमध्ये आणि फुटरमध्येही 'लिंक टू प्रीव्हियस' वेगवेगळं बंद करावं लागतं. एक राहिलं की मागच्या सेक्शनमधला मजकूर बदलतो. रुंद तक्त्यासाठी पान आडवं करायचं तर आधी एक आणि नंतर एक असे दोन ब्रेक हवेत. सेक्शनची मांडणी त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. तो ब्रेक पुसला की आधीचा मजकूर पुढच्या सेक्शनची मांडणी घेतो, आणि अर्धा प्रबंध अचानक आडवा होतो.

आकृत्यांना 'इन्सर्ट कॅप्शन' आणि मजकुरातल्या उल्लेखांना 'क्रॉस-रेफरन्स' वापरा. आकृती वाढली की कंट्रोल-ए, मग एफ९, क्रमांक सुधारतात. त्यानंतर 'एरर' हा शब्द शोधा, कारण ज्या आकृतीचं कॅप्शन पुसलं गेलं तिच्या उल्लेखाच्या जागी वर्ड मजकुरातच त्रुटीचा संदेश छापतं. चित्रं 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवली तर ती पानभर भटकत नाहीत.

दुसऱ्या देशातून आलेल्यांना आणखी तीन गोष्टी नडतात. पहिली, कागद: अमेरिका-कॅनडात लेटर, म्हणजे २१६ × २७९ मिमी, इतर बहुतेक देशांत ए४, २१० × २९७ मिमी. संगणक आपल्या देशातून आणला असेल तर वर्ड जुन्याच आकाराने नवी फाइल उघडू शकतं, आणि शेवटी आकार बदलला की सगळ्या पानांवरचा मजकूर सरकतो. म्हणून आकार आणि समास पहिल्याच दिवशी पक्के करा. बांधणीच्या बाजूला अनेकदा जास्त समास मागतात. दुसरी, प्रूफिंगची (स्पेलिंग तपासणीची) भाषा: कंट्रोल-ए करून ब्रिटिश किंवा अमेरिकन इंग्रजी ठरवा, नाहीतर एकाच पानावर दोन्ही प्रकारचं स्पेलिंग राहून जातं. तिसरी, मुलाखतींतली मूळ भाषेतली अवतरणं. देवनागरी, अरबी, हिब्रू यांचा फाँट आणि आकार वर्ड 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या वेगळ्या रकान्यातून घेतं. टाइम्स न्यू रोमन १२ निवडूनही ती अक्षरं बारीक किंवा वेगळीच दिसतात ती त्यामुळे. अवतरणांसाठी स्वतंत्र स्टाइल करून हा रकाना एकदाच भरा.

संदर्भांसाठी वर्डची स्वतःची सोय टाळावी असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्डच्या अनेक आवृत्त्यांत एपीए या संदर्भ-शैलीची सहावीच आवृत्ती आहे, सातवी तर २०१९ मध्ये आली. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि शैली बदलली की सगळे उल्लेख एकदम बदलतात. मात्र त्याने टाकलेला उल्लेख हाताने दुरुस्त करू नका, कारण पुढच्या रिफ्रेशला ती दुरुस्ती टिकेलच असं नाही.

ब्राउझरमधलं वर्ड वाचायला आणि शेरे द्यायला ठीक, पण मांडणीसाठी डेस्कटॉप आवृत्तीच हवी. समीकरणांनी भरलेल्या प्रबंधाला लाटेक्स ही मजकूर मांडणीची प्रणाली जास्त सोयीची. अनेक फाइली एका मुख्य फाइलीत जोडणाऱ्या 'मास्टर डॉक्युमेंट'च्या वाटेला जाऊ नका; त्यात फाइल बिघडण्याचा धोका आहे.

पीडीएफ 'प्रिंट'मधून काढू नका, दुवे जातात. विंडोजवर 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये पीडीएफ निवडून 'ऑप्शन्स'मध्ये हेडिंगवरून बुकमार्क करण्याची खूण लावा, आणि विद्यापीठाने पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जतन करण्यासाठीचा पीडीएफ प्रकार, मागितला असेल तर त्याचीही. मग तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून जोडाक्षरं आणि आडवी पानं तपासा.