रटलंड वॉटर: पश्चिम टोकाला पूर्ण दिवस द्यावा असा जलाशय

इंग्लंडमध्ये पाण्याकाठी चालायचे आणि पक्षीही पाहायचे असा दुहेरी हेतू असला, की बहुतेकांना प्रथम लेक डिस्ट्रिक्ट आठवतो. पक्षी महत्त्वाचे असतील तर माझी शिफारस मात्र ईस्ट मिडलंड्समधील रटलंड वॉटरची आहे, आणि त्यातही या जलाशयाच्या पश्चिम टोकाला असलेल्या निसर्ग राखीव क्षेत्राची. धरणाच्या भिंतीवरून एक फेरी मारून परतणाऱ्यांना पाणी भरपूर दिसते; येथील खरे वैभव मात्र त्यांच्या पाहण्यात येत नाही.

एम्पिंगहॅम गावाजवळ ग्वॉश नदीच्या खोऱ्यात मातीचे धरण बांधून १९७० च्या दशकात हा जलाशय तयार करण्यात आला. ग्वॉश ही लहान नदी असल्यामुळे जलाशयातील बरेचसे पाणी वेलंड आणि नीन या नद्यांतून पंपाने आणले जाते. पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाचा विचार केला तर हा इंग्लंडमधील सर्वांत मोठा जलाशय आहे. साठवणक्षमतेत मात्र उत्तरेकडचा कील्डर त्याच्या पुढे आहे. नेदर हॅम्बल्टन हे गाव पाण्याखाली गेले, तर टेकडीवरचे अपर हॅम्बल्टन वाचले आणि आज ते तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या द्वीपकल्पावर उभे आहे. दक्षिण काठावरचे नॉर्मंटनचे चर्चही बुडणार होते, परंतु आतील जमीन दगड आणि काँक्रीट भरून उंच करण्यात आली आणि भोवती बांध घालून त्याचा वरचा भाग राखला गेला. छायाचित्रांसाठी तेथे नेहमी वर्दळ असते. चर्च पाहायला अर्धा तास पुरतो.

पश्चिम टोक वेगळे का आहे, याचे उत्तर पाण्याच्या खोलीत आहे. धरणाजवळचे पाणी खोल असल्याने तेथे प्रामुख्याने बुडी मारून खाद्य मिळवणारे पक्षी दिसतात, तर चिखल गाळून किंवा मान बुडवून चरणाऱ्या बदकांना उथळ पाणी लागते. शिवाय जलाशयातून पाणी उपसले की पातळी खाली जाते आणि उथळ काठ कोरडे पडतात. ही अडचण ओळखून पश्चिमेकडे बांध घालून स्वतंत्र तळी तयार केली आहेत आणि त्यांतील पातळी मुख्य जलाशयापासून अलग राखली जाते. माणसाच्या तहानेसाठी बांधलेल्या धरणात पक्ष्यांच्या गरजेचा इतका नेमका विचार व्हावा, ही मला या जागेची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. थापट्या आणि गडवाल या बदकांसाठी हे क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे मानले जाते आणि ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आहे. याच तळ्यांपैकी एकाचे पाणी पुनर्रचनेच्या कामासाठी काढले असता २०२१ मध्ये गाळात सुमारे १० मीटर लांबीच्या इक्थिओसॉरचा, म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी सरीसृपाचा, जवळजवळ संपूर्ण सांगाडा सापडला.

राखीव क्षेत्राची व्यवस्था अँग्लियन वॉटर कंपनीच्या सहकार्याने लेस्टरशायर अँड रटलंड वाइल्डलाइफ ट्रस्ट पाहतो. प्रवेशासाठी एगल्टन आणि लिंडन अशी दोन केंद्रे आहेत. त्यांतील निवड ऋतू पाहून करावी.

मार्चच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत लिंडनला जावे, कारण तेथून मँटन बे या जलाशयाच्या आत वळलेल्या फाट्यातील ऑस्प्रेचे घरटे दिसते. हा मासेखाऊ शिकारी पक्षी इंग्लंडमधून प्रजननकर्ता म्हणून एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला होता. १९९६ पासून स्कॉटलंडमधील पिल्ले येथे आणून सोडण्यास सुरुवात झाली आणि २००१ मध्ये पहिल्यांदा येथे पिल्लू जन्मले. कोवळे पक्षी पश्चिम आफ्रिकेकडे जातात आणि साधारणतः दोन वर्षांनी परततात, त्यामुळे प्रकल्प यशस्वी झाला की नाही हे कळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली होती. हे लक्षात घेतले म्हणजे घरट्यावर बसलेल्या त्या पांढऱ्या पोटाच्या पक्ष्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. केंद्रापासून हाइडपर्यंतची, म्हणजे लपून पक्षी पाहण्यासाठी बांधलेल्या खोपटापर्यंतची, वाट कुरणांतून जाते आणि ती चालण्यासाठीही सुंदर आहे. घरटे दूर असल्याने साधी दुर्बीण अपुरी पडते; हाइडमध्ये स्वयंसेवक असतील तर त्यांच्या स्कोपमधून पाहण्याची विनंती अवश्य करावी. नर मासा घेऊन येईपर्यंत तासभर बसण्याची तयारी हवी, आणि तो तास मुळीच वाया जात नाही.

हिवाळ्यात मात्र एगल्टनला पर्याय नाही. तळ्यांच्या काठाने अनेक हाइड आहेत आणि एकेका हाइडपाशी थांबत गेल्यास दिवस कसा सरला ते कळत नाही. थापट्या, चक्रांग, तरंग आणि गडवाल या बदकांचे थवे जवळून दिसतात, त्यामुळे नवख्यांनाही चोचीचा आकार आणि पंखावरील पट्टा पाहून ओळख पक्की करता येते. सर्व हाइड गाठण्याचा हट्ट धरू नये. दोन-तीन निवडून तेथे शांत बसणे अधिक फलदायी ठरते. वाटा चिखलाच्या असतात, म्हणून उंच बूट हवेत.

केवळ चालण्यासाठी येणाऱ्यांनी हॅम्बल्टन द्वीपकल्पाची फेरी करावी. संपूर्ण जलाशयाची प्रदक्षिणा द्वीपकल्पासह सुमारे ३७ किलोमीटरची असून ती सायकलस्वारांना अधिक मानवते. त्याच मार्गाने सायकली जात असल्याने सुटीच्या दिवशी पायी चालणाऱ्यांना सतत बाजूला व्हावे लागते, आणि धरणाकडील भाग उघडा व वाऱ्याचा असल्याने तेथे पावले रेंगाळत नाहीत. द्वीपकल्पावर मात्र जुनी झाडी आहे, चढउतार आहेत आणि प्रत्येक वळणावर पाणी वेगळ्या कोनातून दिसते.

कुत्रा बरोबर नेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. राखीव क्षेत्रात कुत्र्यांवर निर्बंध आहेत, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाण्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर येऊ शकतो. १९८९ मध्ये येथील अशा विषारी थरामुळे मेंढ्या आणि कुत्री दगावली होती, म्हणून सूचनाफलक दिसल्यास त्याचे काटेकोर पालन करावे.

मोटार नसलेल्यांना बर्मिंगहॅम-पीटरबरो मार्गावरील ओकम स्थानकावर उतरून एगल्टनपर्यंत पायी जाता येते. लिंडन मात्र स्थानकापासून बरेच दूर आहे. केंद्रांच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास अंधारून येते, त्यामुळे एगल्टनला सकाळी लवकर पोहोचणेच योग्य.